बाटलीत फुललेला बांबू

संपादकांचा फोन आला तो श्रावणात. "मॅडम, तुमच्या संशोधनातलं काहीतरी रंजक लिहा. वाचकांना झेपेल असं." एकतीस वर्षं वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर काम केलं. त्यात रंजक किती आणि झेपणारं किती, याचा विचार करण्यात दोन महिने गेले. आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि त्यांचे फोन वाढले आहेत. खरं सांगायचं तर लिहायचाही कंटाळा आला आहे. आयुष्यभर अहवालच लिहिले, आणि ते लिहिणाऱ्याखेरीज कुणी वाचले असतील असं वाटत नाही. पण एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. ती सांगते आणि मोकळी होते.

आधी माझा धंदा काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. ती सगळ्यांना सांगते, "आमची ताई झाडांची डॉक्टर आहे." त्यामुळे कुणाकडे गेलं की चहाच्या आधी कुंडीतला कढीपत्ता समोर येतो. पानं पिवळी का पडली? मी म्हणते, पाणी कमी घाला. बहुतेक वेळा तेच उत्तर बरोबर असतं.

एकदा चिमूरकडचे एक गृहस्थ दोन पिशव्यांत आंब्याची पानं घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. बांधावरच्या झाडावरून त्यांचं चुलतभावाशी भांडण होतं. "तुमच्याकडे ते डीएनए का काय असते नं, त्यानं सांगा. हे झाड माह्या बापानं लावलं का त्याच्या बापानं?" मी त्यांना बसवून समजावलं की डीएनएवरून झाडाचे आईबाप कळतात, झाड लावणारा माणूस नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "मंग येवढ्या मशिनी कायले घेतल्या?" सरकारी तपासणी पथकांनीही इतका नेमका प्रश्न मला कधी विचारला नाही.

तर माझी नोकरी मुख्यतः बांबूत गेली. गडचिरोलीच्या जंगलात हिंडायचं, उत्तम बांबूचं बेट शोधायचं, आणि त्याच्यासारखीच हजारो रोपं प्रयोगशाळेत तयार करायची. आमच्याकडे बेटाला रांजी म्हणतात. रांजी पसंत पडली की तिच्या काडीवरचा, कोंब फुटतो तो एक डोळा कापून आणायचा, स्वच्छ धुवायचा आणि काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा. खाद्यात साखर असते, क्षार असतात आणि वाढीची संप्रेरकं असतात, अगदी चिमूटभराहून कमी. एका डोळ्याचे चार कोंब होतात, चाराचे सोळा. वर्षा-दोन वर्षांत एका रांजीची हजारो लेकरं होतात, सगळी एका रूपाची. ऐकायला सोपं वाटतं. पण बुरशीचा एक कण आत गेला की बाटली गेली, आणि मे महिन्यात चंद्रपूरची वीज चार तास गेली की खोलीच गेली.

ज्या रांजीची ही गोष्ट आहे ती मीच निवडली होती. काय बांबू होता! सरळ, भरीव, पेरं लांब आणि वाकडेपणा औषधालाही नाही. आमच्या छापील अर्जात अशा रांजीची माहिती भरायला सोळा रकाने होते: उंची, जाडी, पेरांची लांबी, पानं, माती, उतार. मी ते सगळे भरले. वयाचा रकाना नव्हता. जंगलातल्या बांबूची जन्मनोंद कोण ठेवणार?

पहिली रोपं वाटायची ठरली तेव्हा मी गोंडपिपरीकडचं एक गाव सुचवलं. माझ्या आईचं माहेर तिथून दोन कोसांवर. लहानपणापासून मी त्या गावच्या बुद्ध विहारात जात होते, नोकरी लागल्यावर चौदा एप्रिलला भाषणंही केली होती. रोपवाटपही विहाराच्या आवारातच झालं. मी माईकवरून बांबूचे फायदे सांगितले. वरकस जमिनीत येतो, रोज राबावं लागत नाही, एकदा लावला की वर्षानुवर्षं तोडायला मिळतो. सांगून झाल्यावर विचारलं, कुणाला काही शंका?

सुमनबाई उठल्या. त्या तेव्हा पन्नाशीला आलेल्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला. धानाची एक लहान बांधी आणि दोन एकर बरड, म्हणजे मुरमाड पडीक जमीन. त्यांचे वडील कागद कारखान्याच्या ठेकेदाराकडे बांबूतोडीला होते आणि सुमनबाई पोरवयापासून त्यांच्याबरोबर जंगलात राहिलेल्या. त्यांनी एक रोप उचललं, पानं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्याडम, इच्या मायचं वय किती?"

लोक हसले. मीही हसले. म्हटलं, "सुमनबाई, बाटलीतून निघालं की वय नव्यानं सुरू होते. हे दोन वर्षांचं लेकरू आहे."

"तसं नाई. बांबू फुलला का मरते नं. माहा बाप म्हणे, रांजी निवडाच्या आंधी गावातल्या म्हाताऱ्या मानसाले इचाराचं, हे रांजी कवाची आहे मनून. तुमी इचारलं का कोनाले?"

मी विचारलं नव्हतं. तसं सांगितलंही नाही. "शास्त्रज्ञांनी सगळं तपासलं आहे," असं काहीतरी बोलले आणि पुढच्या माणसाकडे वळले. सुमनबाई खाली बसल्या. नंतर त्यांनीच सगळ्यांत जास्त रोपं नेली. दोन्ही एकर लावली. "आता धानाच्या रोवण्याले कंबर वाकत नाई," म्हणाल्या. "तुमाले म्हातारपनी सरकारची पेन्शन, मले बांबूची." गावातल्या आणखी अकरा जणांनी लावला.

त्यांचा प्रश्न काय होता ते इथे सांगायला हवं. बांबू हे गवत आहे. तो आयुष्यात एकदाच फुलतो, तीस-चाळीस वर्षांनी. एका वयाच्या रांज्या साधारण एकाच वेळी फुलतात, त्यांना गव्हासारखं बी येतं आणि त्या उभ्या वाळतात. त्यांना जागा कळत नाही, वय कळतं. डोळा कापून कुठेही नेऊन लावला, तरी तो आपलं वय बरोबर घेऊन जातो. आंब्याच्या कलमाचं तसंच आहे. कोयीचा आंबा फळायला आठ-दहा वर्षं लावतो आणि कलमी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मोहरतो, कारण कलमाची काडी जुन्या झाडाची असते. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. पण बाटलीत बांबूची पानं लहान, कोवळी, बाळासारखी दिसायला लागतात, आणि आम्ही सगळे त्या रूपाला भुललो. अडाणी माणूस ही चूक करणार नाही. त्यासाठी शिकावं लागतं.

सात वर्षं सगळं झकास चाललं. सुमनबाईंचं बरड हे आमच्या केंद्राचं दाखवायचं शेत झालं. कुणी पाहुणे आले की जीप तिकडेच. फलक लागला, फोटो निघाले, मला एक प्रमाणपत्रही मिळालं. सुमनबाई पाहुण्यांना कंटाळायच्या. "पाहून राह्यले का बांबू मोजून राह्यले?" असं मला कानात विचारायच्या आणि चहा टाकायला जायच्या. त्यांनी तोपर्यंत थोडाच बांबू विकला होता. दहाव्या वर्षापर्यंत थांबा, रांजी भरू द्या, मग पाहिजे तेवढा तोडा, असं मीच सांगितलं होतं.

मग होळीच्या आसपास एक दिवस माझी सहायक वर्षा धावत खोलीत आली. "मॅडम, बाटलीत काहीतरी आलंय." मूळ रांजीचे कोंब आम्ही बाटल्यांत सांभाळून ठेवत असू. त्यांतल्या काही बाटल्यांत कोंबाच्या टोकाला बारीक तुसं दिसत होती. भिंगाखाली पाहिलं. बांबूचं फूल होतं.

आता कबूल करते, मला आनंद झाला. बाटलीत बांबू फुलवण्यासाठी कितीक प्रयोगशाळा वर्षानुवर्षं धडपडतात, आणि आमच्याकडे तो न सांगता फुलला होता. वर्षानं पेढे आणले. संचालक स्वतः भिंगात डोकावून गेले. मी दोन दिवस शोधनिबंधाचं शीर्षक जुळवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना हात थांबला. बाटलीतल्या कोंबाला जर वय झाल्याचं कळलं असेल, तर बरडावरच्या त्याच्या भावंडांनाही कळणार. भाकरी तव्यावर करपली.

संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "मॅडम, खाद्यातल्या संप्रेरकांच्या गडबडीनंही फुलं येतात, हे तुम्हीच मला सांगितलंय. खात्री नसताना गावात घबराट कशाला? समिती नेमू. तोवर बाहेर बोलायचं नाही. आणि निबंध मात्र लवकर लिहा."

संप्रेरकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तसं होतं कधीकधी. शास्त्रज्ञाला शंका घ्यायची सवय असते आणि त्या सवयीच्या आड लपताही येतं, ते मी त्या वर्षी शिकले. खात्री करून घेणं अवघड नव्हतं. जंगलात जाऊन मूळ रांजी पाहिली असती तर एका दिवसात निकाल लागला असता. मी गेले नाही. आधी गाडी नव्हती, मग पाऊस होता, मग नाल्याला पूर होता. ती फुललेली दिसली असती तर मला शंका घ्यायला जागा उरली नसती, हे खरं कारण. मला सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी थकले होते, आणि जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. निबंध मात्र वेळेवर छापून आला.

जानेवारीत सुमनबाईंचा फोन आला. "म्याडम, रांज्याइले झुपके आले. पानं झडून राह्यली. येता का?" आजारी माणसासाठी डॉक्टरला बोलवावं तसा आवाज होता.

मी रजा टाकली आणि जीप न मागता एसटीनं गेले. फाट्यावर उतरून चालत बरडावर पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. दोन एकर बांबू उभा होता आणि एक हिरवं पान नव्हतं. प्रत्येक काडीवर पेरापेराला फुलांचे तपकिरी झुपके. वारा आला की भुसा उडत होता. सुमनबाई कोयता घेऊन एका रांजीशी उभ्या होत्या. त्यांनी एक काडी तोडली, उभी चिरली, आणि ती मधेच तडकली. "पाहा. कामटी निघत नाई. सूप नाई होत, टोपलं नाई होत. जाळाच्या कामाचा राह्यला."

मी म्हटलं, "जय भीम, सुमनबाई." त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि दुसरी काडी ओढली.

मी बसमध्ये भाषण तयार करून आले होते. हवामान, ताण, अनपेक्षित वगैरे. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही. आमच्या घरची बोली तेवढी निघाली. "सुमनबाई, हे मले होळीलेच समजलं होतं. बाटलीत फूल आलं होतं. मी सांगतलं नाई."

कोयता थांबला. "कोनत्या होळीले?"

"ह्या गेल्या."

त्या रांजीच्या बुंध्याशी खाली बसल्या. कोयता बाजूला ठेवला. "होळी झाल्यावर मूल गावचा बुरड आला होता माह्याकडे. सगळा उभा बांबू घेतो म्हणे, हिरवागार होता तवा. मी नाई म्हटलं. आमच्या म्याडमनं दहा वर्षं थांबाले सांगतलं, म्हटलं."

मी पायाशी पडलेली तडकलेली काडी उचलून हातात धरली.

"काऊन नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कोनाचं?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. साहेबांचं, नोकरीचं, की त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं.

"म्याडम, एक सांगू? दुसऱ्या कोन्या साहेबानं सांगतलं असतं तं मी कोपऱ्यात दहा झाडं लावून पाह्यली असती. तुमी सांगतलं मनून दोन्ही एकर लावले. आपली पोरगी येवढी शिकली, ते आपल्याले कायले फसवंन, असं म्हटलं मी. गावालेबी मीच म्हटलं." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. "बाकीच्याइले सांगा आता. माह्या तोंडानं नाई, तुमच्या तोंडानं."

बाकीच्या अकरा जणांपैकी तिघांच्या रांज्यांना झुपके आले होते. आठ जणांचा बांबू अजून हिरवा होता. त्यांना रोपं पुढच्या खेपेची मिळाली होती आणि त्यांची जमीनही ओलीची होती, त्यामुळे फुलणं मागे पडलं असावं. सुमनबाईंचं जे जायचं ते गेलं होतं. या आठ जणांचं मात्र आज सांगितलं तर हिरवा बांबू विकून वाचणार होतं, आणि समितीच्या कागदाची वाट पाहिली तर नाही. दुपारी चारला विहाराच्या आवारात सगळे जमले. त्याच जागी, या खेपेला माईक न घेता, मी सांगितलं. कधी कळलं, का लपवलं, तेही सांगितलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "नोकरी वाचवली बाईनं." ते बरोबरच होतं. एक म्हातारी उठून गेली. मग रामदासभाऊ, ज्यांच्याकडे एकरभर हिरवा बांबू होता, ते म्हणाले, "झालं ते झालं. एक सांगा, कापाचा का नाई कापाचा?"

"कापा."

"पक्कं?"

मी आयुष्यात कितीतरी शिफारशी केल्या. छापील, शिक्क्याच्या. त्या सगळ्या पक्क्या होत्या. "पक्कं नाई, रामदासभाऊ," मी म्हटलं. "माहा अंदाज चुकला तं तुमचा चांगला बांबू वाया जाईन. पन माहा असता तं मी उद्याच कापला असता."

त्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "कापून टाक."

त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही. आमच्या भागात दारी आलेल्या भांडणाऱ्यालाही चहा मिळतो, त्यामुळे मला कळायचं ते कळलं. सुमनबाई फाट्यापर्यंत आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात आठही जणांनी बांबू कापून हिरवा विकल्याचं वर्षाकडून कळलं. माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. शिस्तभंग, परवानगीविना माहिती देणं, असे शब्द होते. मी एका ओळीचा खुलासा दिला आणि मे महिन्यात शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. निरोपाच्या भाषणांत बाटलीतल्या फुलांचा उल्लेख तीन वेळा झाला.

घरी आल्यावर मला एकच गोष्ट छळत होती. आठ जणांनी माझ्या शब्दावर हिरवी रांजी भुईसपाट केली होती. पावसात त्यातून धडधाकट कोंब आले, तर मी त्यांना दुसऱ्यांदा बुडवलं. आणि कोंबांनाही फुलं आली, तर माझं खरं, पण त्यांचा बांबू कायमचा गेला. कशाची आशा करावी ते ठरवता येत नव्हतं. विचारायला फोन करायची हिंमत नव्हती. जून गेला, जुलै गेला. मी कुंड्यांना पाणी घालत होते आणि लोकांना कढीपत्त्याबद्दल सांगत होते.

भाद्रपदात दुपारी फोन वाजला. सुमनबाई. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"म्याडम, रामदासच्या रांजीले कोंब आले. हातहातभर. अन् कोंबाकोंबाले फूल. आताच पाहून आली. साऱ्याइच्याच शेतात तसंच आहे."

मी विचारलं, "सगळ्यांच्याच?"

"साऱ्याइच्या. तुमचं खरं निघालं म्याडम. नसता कापला तं उभाच वाळला असता." आणि मग, पोटच्या पोरीचा निकाल लागल्यावर आई बोलते त्या आवाजात, "मी म्हटलंच होतं साऱ्याइले. आमची म्याडम खोटं नाई सांगत."